अव्वाची झाकली मूठ

१

लाल डबी उघडली, आणि आत नुसतं मखमल.

"मंगळसूत्र कुठं हाय?" विरूपाक्षमामांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण मांडवात हार टांगणाऱ्यांचे हात हवेतच थांबले. विरूपाक्षमामा म्हणजे नवरदेवाचे सख्खे मामा, देगलूरहून आलेल्या वऱ्हाडाचे म्होरके. त्यांच्या मिशीचा एक केस हलला तरी अर्धं वऱ्हाड उभं राहायचं.

उदगीरच्या त्या मंगल कार्यालयात सगळ्यात गार पडली ती शिवानी. कारण डबी मामांच्या हातात नेऊन देणारी तीच होती. अगदी ऐटीत, दोन्ही हातांवर, आरतीचं ताट न्यावं तशी!

शिवानी दहावीतली, लातूरची. मागच्याच महिन्यात तिनं वक्तृत्व स्पर्धेची ढाल पटकावली होती. तेव्हापासून तिचा ठाम समज झाला होता की मधोमध उभं राहून नीट बोललं की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो. म्हणून चुलतबहिणीच्या, म्हणजे लीलाताईच्या लग्नात माईक तिच्याकडे होता. आणि तिच्याकडे होती 'जर-तर पिशवी'. जर लाईट गेली तर बॅटरी. जर ब्लाऊज उसवला तर सुईदोरा. जर कुणाला पित्त झालं तर गोळ्या. जर बँडवाले आलेच नाहीत तर स्पीकर. लग्नात जे जे बिघडू शकतं त्या सगळ्यावर उतारा.

जर मंगळसूत्रच गेलं तर? याच्यावर पिशवीत काहीच नव्हतं.

"काल संध्याकाळी आम्ही हे रीतसर नवरीच्या खोलीत पाठवलं," मामा म्हणाले. "सवाष्णींनी हळद-कुंकू लावायला. डबी तुमच्या कपाटात, कुलूप तुमचं, चावी तुमची. आता गुरुबसप्पा, तुम्हीच सांगा."

गुरुबसप्पाकाका, नवरीचे वडील, कपाळावरची घामानं ओघळलेली विभूती उपरण्यानं पुसायला लागले.

"मी काय बोलत न्हाई," मामा म्हणाले, आणि बोललेच. "मुहूर्तापतूर मंगळसूत्र दिसलं पायजे. न्हाई दिसलं तर आमच्या गाड्या देगलूरच्या वाटंला लागतील."

२

"काका, मला सगळं पहिल्यापासून सांगा," शिवानी म्हणाली.

काका मागच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. "शिवू, तू कोण लागून गेलीस गं फौजदार?"

"सांगा तर!"

"कपाटाची चावी अव्वाच्या कनवटीला. सकाळी आहेराच्या साड्या काढायच्या होत्या म्हणून मी मागून घेतली, साड्या काढल्या, चावी अव्वाच्या हातात परत दिली. बास."

"डबी होती तेव्हा?"

"होती की जागेवर. पण उघडून कोण बघतंय?" काकांनी डोकं वर केलं. "आईविना पोर हाय माझी. तिच्या लग्नात तिच्या बापाला चोर म्हणून राहिलेत लोकं."

 शिवानीचं डोकं मात्र वेगळ्याच गावाला गेलं होतं. कुठला चोर डबी जाग्यावर ठेवील, कपाटाला कुलूप लावील आणि चावी पुन्हा म्हातारीच्या कमरेला खोचून जाईल? इतका संस्कारी चोर? उदगीरमध्ये?

मग तिच्या मनात आलं, की मंगळसूत्र मुळात डबीत आलंच नसेल तर? म्हणजे देगलूरकरांनी रिकामीच डबी पाठवली असेल तर? पण काल पाच सवाष्णींनी हळद-कुंकू लावलं ते तिनं स्वतः, समोर बसून, जिलेबी खात पाहिलं होतं. सोन्याच्या दोन वाट्या आणि काळे मणी. गेला हा तर्क गाळात.

तरीपण ती नवरदेवाच्या खोलीकडे गेलीच. दाराला आतून कडी! लग्नाच्या घरात नवरदेवाच्या खोलीला कडी? तिनं दार वाजवलं. बराच वेळ आत खुडबुड झाली. मग दार एवढंसं उघडलं आणि फटीत मिशी दिसली.

"शरणार्थ, मामा," शिवानीनं हात जोडले.

"शरणार्थ." मामांनी एकच हात छातीशी नेला. उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. आणि त्या रुमालाला कसला तरी डोक्यात जाणारा वास येत होता. पंक्चरच्या दुकानात येतो तसला.

"हाताला काय झालं, मामा?"

"चहा सांडला. पोळलं."

"माझ्या पिशवीत मलम हाय, देऊ?"

"नगं!" मामा इतक्या झटक्यात म्हणाले की शिवानी मागं सरली. तेवढ्यात आतून नवरदेवाचा, म्हणजे राजशेखरचा दबका आवाज आला, "मामा, वाळलं का हो?"

मामांनी शिवानीकडे पाहिलं. शिवानीनं मामांकडे.

"टावेल," मामा म्हणाले, आणि दार लागलं.

३

पोळलेल्या हाताला असला वास येतो का? आणि वाळत घातलेल्या टॉवेलसाठी कुणी दाराला कडी लावतं का? शिवानीच्या डोक्याचा पार भुगा झाला. मामाच चोर असतील, तर स्वतःचंच मंगळसूत्र स्वतः कशाला चोरतील? लग्न मोडायला? मग मुलगी बघायला आले तेव्हा शिऱ्याच्या दोन बशा कशाला हाणल्या?

ती नवरीच्या खोलीत शिरली. लीलाताई आरशासमोर पाठमोरी बसली होती, हिरव्या शालूत, आणि रडत होती. नवऱ्या रडतातच म्हणा. पण निघायच्या वेळी रडतात. सकाळी सकाळी, अजून कुणी वाटेला लावलेलं नसताना?

"ताई, सकाळपासून खोलीत कोण कोण आलं होतं?"

"मला काय माहीत. शिवे, तू जा ना गं बाहेर."

"अगं, मी शोधून काढणार आहे! तू फक्त…"

"नको शोधू!" ताई एकदम म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तू माईककडं बघ. जा."

शिवानी फणकाऱ्यानं वळली आणि जागच्या जागी कळवळली. पायाला काही तरी टोचलं होतं. आरशाच्या पायाशी, सतरंजीच्या दुमडीत. तिनं उचलून पाहिलं तर ज्वारीच्या दाण्याएवढा, काळा, चकचकीत मणी.

आरशात ताईनं ते पाहिलं आणि पदर मानेवर ओढून घेतला.

शिवानी मणी मुठीत धरून बाहेर आली. हा मणी त्यातलाच की आणखी कुणाच्या पोतीतला? चोर इथं, आरशापाशी कशाला रेंगाळेल? चोराला काय आरशात बघायचं होतं?

वाटेत कोठीची खोली लागली. दारातूनच केवळाकाकू दिसल्या. काकू म्हणजे काकांच्या शेजारच्या, घरच्यासारख्याच. भोकरकडच्या शेतकऱ्याच्या घरातून सून होऊन उदगीरला आलेल्या. सुपात तांदूळ घेऊन, नाकावर चष्मा, मान खाली.

"काय करून राहिल्या, काकू?"

"अक्षता निवडून राहिले बाई. खडे लई हायत." काकूंनी मान वर केली नाही. सूप मात्र थोडं भिंतीकडे वळवलं.

"बरं," म्हणत शिवानी पुढं गेली. चार पावलं गेली आणि थबकली.

अक्षता? अक्षता तर परवाच रंगवून झाल्या होत्या! तिनंच पुड्या बांधल्या होत्या. आणि जर पुड्या भिजल्या तर, म्हणून दुसरी गोणीभर तिनंच बांधून ठेवली होती. अख्ख्या उदगीरवर उधळल्या तरी उरतील एवढ्या अक्षता असताना काकू कसले तांदूळ निवडून राहिल्यात?

ती उलट पावली धावली. कोठीच्या दाराला आतून कडी लागली होती.

४

आज काय सगळ्या उदगीरनं कड्या लावायचं ठरवलंय का? शिवानीला रडूच यायचं बाकी होतं. तिकडे मांडवात मामांचे भाऊबंद उठून गाड्यांच्या चाव्या हातात खेळवायला लागले होते. काका त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते. तिला ते बघवेना.

राहिली एकच. अव्वा. काकांची आणि शिवानीच्या पप्पांची आई, सिद्धम्मा. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. लीलाताईला आई गेल्यापासून अव्वानंच वाढवलं होतं. आणि चावी तिच्याच कमरेला होती. पण अव्वावर संशय घ्यायचा म्हणजे देव्हाऱ्यावर संशय घ्यायचा.

अव्वा स्टेजच्या बाजूला खुर्चीवर ताठ बसली होती. लोक येत होते, पाया पडत होते, ती उजवा हात डोक्यावर ठेवत होती. शिवानीनं चहाचा कप पुढं केला.

"नगं."

"अव्वा, तू आणि चहाला नको?"

"सकाळधरनं नगंच म्हणून राहिलीय," शेजारची बाई म्हणाली. "पाणीबी न्हाई. रुसलीय म्हातारी. नातीचं मंगळसूत्र गेलं, रुसंल न्हाई तर काय."

शिवानी बघत राहिली. आणखी एक जण पाया पडलं. उजवा हात. नवी नवरा-बायको जोडीनं वाकली. पुन्हा एकटा उजवाच हात. अव्वा तर दोन्ही हातांनी तोंड कुरवाळून, कानशिलावर बोटं मोडल्याशिवाय कुणाला सोडत नसे! डावा हात कुठं होता? पदराखाली. आणि पदर गळ्याभोवती घट्ट, जणू थंडीच वाजतेय.

 शिवानीनं अव्वाचा दंड धरला, "जरा आत चल" म्हणत तिला मागच्या खोलीत आणलं आणि दार लावलं. आता कडी लावायची पाळी तिची होती.

"अव्वा, पदराखालचा हात दाखव."

"का म्हणून?"

"मूठ उघड, अव्वा. तिकडे काकांना चोर म्हणतायत. तुला दिसतंय ना?"

 अव्वानं हात पुढं केला आणि सुरकुतलेली बोटं एकेक करून उलगडली.

तळहातावर मंगळसूत्र नव्हतंच.

तिथं अव्वाची चांदीची लिंगडबी होती.

५

शिवानीला आपण फार मोठं पाप केल्यासारखं वाटलं. इष्टलिंग! अव्वा ते जन्मभर गळ्यात घालत आली. दुसऱ्याच्या लिंगाला कुणी बोटसुद्धा लावत नाही, आणि ही चालली होती झडती घ्यायला.

"झालं समाधान?" अव्वा म्हणाली.

"चुकले, अव्वा." ती वळली. आणि दाराशी जाऊन परत वळली. "पण हे हातात का?"

अव्वानं तोंड फिरवलं.

शिवानीनं त्या डबीकडे नीट पाहिलं. डबीच्या दोन्ही बाजूंच्या कड्या रिकाम्या होत्या. लिंग गळ्यात अडकवायचा जाड, पांढरा, अनेक पदरी सुताचा दोरा, शिवदार, तो नव्हताच. म्हणून पदर गळ्याभोवती. आणि म्हणून चहा नाही! लिंगपूजेशिवाय अव्वा पाण्याचा घोटही घेत नाही, हे शिवानीला कळायला लागल्यापासून माहीत होतं. शिवदार गळ्यातून उतरला की स्वामींच्या हातून नवा बांधून घ्यायचा, मगच पूजा, मगच पाणी. अव्वा रुसली नव्हती. अव्वा उपाशी होती.

"तुझा दोरा तुटला नाही," शिवानी हळूहळू म्हणाली. बोलता बोलताच तिला एकेक उलगडत होतं. "तुटला असता तर तू कुणालाही सांगितलं असतंस. तू तो काढलास. कशाला तरी मजबूत दोरा हवा होता, लगेच, आणि कुणाला न सांगता. आरशाखाली काळा मणी. कोठीत काकू सूप घेऊन बसलेल्या. तांदळात काळे मणी ठेवले की ओवताना सांडत नाहीत, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं खडे निवडतायत."  "अव्वा, मंगळसूत्र चोरीला गेलंच नाही. ते तुटलं."

"श्श!" अव्वानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "तुटलं म्हणू नये. वाढलं म्हणावं."

दार ढकललं गेलं. कडी नीट लागलीच नव्हती. दारात लीलाताई उभी होती.

"मीच तोडलं," ती म्हणाली. "पहाटे सगळे आंघोळीला गेले होते, अव्वाची चावी उशाशी होती. वाटलं, कसं दिसतंय ते एकदा बघावं. काढताना केसांतल्या पिनेत अडकलं. ओढलं, आणि…" तिनं मानेवरचा पदर बाजूला केला. बारीक लाल ओरखडा होता.

"मग मला का नाही सांगितलं? माझ्या पिशवीत दोरा होता!"

"तुझ्या हातात माईकपण होता, शिवे."

हे शिवानीला लागलं. जोरात लागलं. पण खोटं होतं असं म्हणायला तोंड नव्हतं.

"पण अव्वा, चोरी झाली असं का वाटू दिलंस? काकांवर आळ आला ना!"

"तुझा काका बाप्या हाय. चार दिवस बोलतील, विसरतील." अव्वानं लीलाताईला जवळ ओढलं. "चोरी झाली म्हणलं की लोकं चोराला शिव्या देतात. वाढलं म्हणलं की पोरीला. लग्नाच्या दिवशी हिच्या हातून वाढलं हे देगलूरात कळलं, तर उद्या त्यांच्या घरात मांजर जरी मेली तरी ही पांढऱ्या पायाची. वाटलं, ओवून कपाटात साड्यांमागं ठिवावं, न् सापडलं सापडलं म्हणावं. पर केवळाला दिसंना झालंय, आणि तू घाईघाईनं माझ्या कनवटीची चावी उपसून डबी घेऊन पळालीस."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग दुसरी.

६

केवळाकाकूंनी शेवटची गाठ मारली तेव्हा लग्न लावणारे स्वामी येऊन बसले होते. शिवानीनं मंगळसूत्र ताटात घेतलं आणि मांडवातून अशी धावली, की तिच्या पायात पैंजण आहेत की टापा असं लोकांना वाटलं.

"सापडलं! साड्यांच्या मागं होतं!"

काका मटकन खाली बसले. कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, गाड्या बंद झाल्या. झालंच होतं सगळं. एवढ्यात विरूपाक्षमामांनी डाव्या हातानं मंगळसूत्र उचललं आणि उन्हात धरलं.

"काल ह्ये काळ्या दोऱ्यात ओवलेलं होतं," ते म्हणाले. "आज पांढरा कसा?"

सगळा मांडव शिवानीकडे पाहायला लागला. म्हणाल तेवढ्या थापा तिच्या जिभेवर तयार होत्या. सवाष्णींनी बदलला. रीत आहे. आमच्या घराण्यात असंच असतं. तिला बोलता येत होतं, ढाल होती तिच्याकडे! पण काकांवर एक आळ येऊन गेलाच होता. आता थाप मारली तर उरलेला संशय कुणाच्या तरी पदरात पडणारच होता. आणि खरं सांगितलं तर ते ताईच्या पदरात. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मामा, तो अव्वाचा शिवदार आहे."

लीलाताई शालू सावरत सरळ मांडवाच्या मधोमध आली होती.

"मूळचा दोरा माझ्या हातून तुटला. मीच घालून बघत होते. अव्वानं स्वतःच्या गळ्यातला काढून दिला. आता काय बोलायचं ते मला बोला. माझ्या बापाला न्हाई."

 मामांच्या मिशीखाली काही तरी हललं. पण शब्द आला तो मागून.

"मीबी घालून बघितलं," राजशेखर म्हणाला.

नवरदेव खोलीतून बाहेर आला होता. कपाळावर बाशिंग, पण एका बाजूला जरा जास्तच उंच.

"गप, राजू," मामा म्हणाले.

"काय गप, मामा? काल बाशिंग घालून आरशात फोटो काढून राहिलो होतो. पंख्यात तुराच गेला. मामांनी सकाळपासून चिकटवून चिकटवून बोटं एकमेकांना चिकटवून घेतली. सोडवता येईनात म्हणून रुमाल बांधलाय." तो लीलाताईकडे पाहून लाजला. "सोडा की. दोघांचंबी एकेक तुटलं. फिट्टंफाट झाली."

मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. शिवानीला सगळं एकदम समजलं. तो वास, ती कडी, ते 'वाळलं का'. मामांनी डबीचा एवढा बाऊ का केला तेही. लोक डबीकडे बघत राहिले की नवरदेवाच्या कपाळाकडे कोण बघतंय? म्हणजे मांडवाच्या दोन्ही बाजूंना सगळे एकाच भीतीनं कड्या लावून बसले होते, आणि एकमेकांना चोर समजत होते!

स्वामींनी घसा साफ केला. "नवरीच्या गळ्यात शिवदार पडतोय. ह्याला अपशकुन म्हणणारा कोण हाय, त्यानं पुढं यावं."

कुणी आलं नाही. मामांनी रुमालाचा हात आणि मोकळा हात कसेबसे एकत्र आणले आणि गुरुबसप्पाकाकांसमोर वाकले. "शरणार्थ, व्याहीबुवा. बोललो ते पोटात घ्या."

काकांनी त्यांना छातीशी धरलं. रुमालासकट.

मग अव्वाला पुढं बसवून स्वामींनी आधी तिच्या गळ्यात नवा शिवदार बांधला, आणि मगच वाजंत्री सुरू झाली. शिवानीनं माईक बँडवाल्याच्या हातात दिला आणि स्वतः ताईच्या मागं जाऊन उभी राहिली.

 जाड सुताची गाठ राजशेखरला काही केल्या बसेना. एकदा सुटली. दुसऱ्यांदा वाकला, तर बाशिंगाचा तुरा टपकन निखळून लीलाताईच्या ओंजळीत पडला.

सगळा मांडव श्वास रोखून बघत होता. लीलाताईनं तुऱ्याकडे पाहिलं, राजशेखरकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. तोंडावर हात नाही, मान खाली नाही. भर मांडवात, चारशे माणसांसमोर, दात दिसेपर्यंत नवरी हसत होती आणि उदगीर असो की देगलूर, एकानंही तिला 'गप' म्हटलं नाही.